सायकलवाले (बी आणि सी विंग): कोणी काय नवीन घेतलं

पवार (बी-२०३): फोटो टाकलाय बघा मंडळी. आणली शेवटी एकदाची. हायब्रीड आहे, २१ गिअर, डिस्क ब्रेक, १९ हजार. स्टँड आणि बेल दुकानदाराने वरून दिली. आता रविवारी मला पण घ्या बरोबर, मागे मागे येईन

शिंदे वहिनी: अरे वा भाऊजी, अभिनंदन! रंग मस्तय. पेढे कधी?

बोरसे (सी-५०१): लई भारी भाऊ. पेढे नको, रविवारी मिसळ पवारांकडून

पवार वहिनी: १९ हजार?? घरी १४ सांगितले होते

बोरसे: 😂😂

पवार: अगं ते हेल्मेट बिल्मेट सगळं धरून

पवार वहिनी: हेल्मेट कुठंय फोटोत?

कुलकर्णी काका: पवार, अभिनंदन. बिल नीट बघून घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, पार्ट्सवर पण. काही ठिकाणी जुनीच एमआरपी दाखवून वर डिस्काउंट दिल्यासारखं करतात.

पवार: ५ च लावलाय काका, आत्ता बघितलं. पण एक सांगा, २१ गिअर म्हणजे ठीक ना? तिथे २४ वाली पण होती, ४ हजार जास्त सांगत होता

कुलकर्णी काका: उगाच नाही घेतली ते बरं केलंत. २१ म्हणजे पुढे तीन आणि मागे सात, तीन साते एकवीस, एवढंच ते गणित, आणि त्यातले निम्मे गिअर एकमेकांसारखेच असतात. पुढे मोठी प्लेट आणि मागे पण सगळ्यात मोठी असं तर चालवायचंच नाही, चेन तिरकी ओढली जाते, आवाज करते आणि लवकर झिजते. गिअर किती यापेक्षा दात किती ते बघा. तुमची पुढची सगळ्यात छोटी प्लेट २८ दातांची असेल आणि मागे मोठं चक्र २८ चं, म्हणजे पेडलचा एक फेरा मारला की मागचं चाक पण एकच फेरा फिरणार, कसारा घाट चढायला याहून हलकं फारसं काही लागत नाही. उलट या ओमच्या रोड बाईकला गिअर कमी आहेत आणि किंमत चौपट आहे.

ओम (सी-३०२): काका चौपट नाही, साडेतीन पट 😅 आणि माझ्यात पण ३४ ला ३४ आहे, तेच झालं

ओम: बाय द वे मी जीपीएस कॉम्प्युटर घेतला. हार्ट रेटचा पट्टा पण आला त्याच्याबरोबर

बोरसे: मोबाईलवर स्ट्रावा, राईड मोजायचं अ‍ॅप, फुकट असताना

ओम: मोबाईलची बॅटरी दुपारपर्यंत मरते दादा, आणि पावसात स्क्रीनला टच चालत नाही. याला बटणं आहेत

बोरसे: हे खरंय. मागच्या पावसाळ्यात त्र्यंबक रोडला माझा फोन आपोआप कोणाकोणाला कॉल लावत होता

शिंदे वहिनी: मी सांगते माझं. पॅडवाली शॉर्ट घेतली आणि मागे कॅरिअर बसवून त्याला लटकवायची एक बॅग घेतली. सातपूरला ऑफिसला जाते ना मी, आधी सॅक पाठीवर असायची तर पोहोचेपर्यंत पाठ पूर्ण ओली, आता डबा लॅपटॉप कपडे सगळं त्या बॅगेत आणि पाठ मोकळी. मडगार्ड पण लावलेत दोन्ही. आता पोरं हसतात मडगार्डला, हसू देत, पाऊस आला की मागच्या बाजूला चिखलाचा पट्टा त्यांच्याच टीशर्टवर असतो.

पवार: वहिनी त्या शॉर्टचं खरंच काही होतं का? दुकानदार मला जेलचं सीट कव्हर देत होता ३५० ला

शिंदे वहिनी: ते नका घेऊ. पहिले १० मिनिटं सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, नंतर मांड्या घासायला लागतात. शॉर्ट घ्या, वरून साधी ट्रॅक पँट घातली तरी चालते, मी तशीच जाते. आणि एक सांगू का, नको, काका सांगतील

कुलकर्णी काका: त्याच्या आत दुसरं काही घालायचं नाही, हे सांगायचंय वहिनींना. शिवण टोचते. पॅड थेट अंगाला लागायला पाहिजे आणि प्रत्येक राईडनंतर धुवायची.

बोरसे: ग्रुपवर बायका मुलं आहेत काका 🙏

कुलकर्णी काका: त्यांनाही बसायचंच असतं सायकलवर. आणि पवार, कव्हरच्या आधी सीटची उंची बघा. टाच पेडलवर ठेवून पेडल एकदम खाली न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडासा वाकलेला राहतो. नवीन माणूस दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली करून घेतो आणि मग महिन्याभरात गुडघे दुखतात म्हणून सायकल विकायला काढतो. लॉकडाऊनमधे घेतलेल्या किती सायकली आपल्याच पार्किंगमधे धूळ खात आहेत बघा, त्यातल्या अर्ध्यांची सीट खाली आहे.

गायकवाड (सेक्रेटरी): त्या विषयावर मला बोलायचंय नंतर.

बोरसे: मी लाईट घेतले. पुढे ४०० लुमेन, मागे लाल, दोन्हीला टाईप सी चार्जिंग. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पण. बीआरएम करायचीय या सीझनला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांबची राईड, २०० किमी साडेतेरा तासात

पवार: साडेतेरा तास सायकलवर??

बोरसे: त्यात चहा नाष्टा पंक्चर सगळं धरून. घड्याळ थांबत नाही. लाईट आणि जॅकेट नसेल तर स्टार्टलाच अडवतात

ओम: पुढचा लाईट थोडा खाली वाकवून लावा दादा, मागच्या वेळेला समोरून येताना मला काहीच दिसत नव्हतं

कुलकर्णी काका: बीआरएम असो नसो, मागचा लाल लाईट सगळ्यांनी घ्या, दिवसा पण चालू ठेवा. सध्या कुंभमेळ्याची कामं चालू आहेत तर रस्ते कुठे खोदलेत कुठे एका बाजूने चालू, डंपर, मिक्सर, सगळेच घाईत. पहाटे पाचला गंगापूर धरणाकडे जाताना तुम्ही काळा टीशर्ट घालून निघालात तर त्या ड्रायव्हरचा दोष नाही. माझं म्हणाल तर पहिला पैसा हेल्मेट आणि लाईटला, दुसरा जिथे बूड हात आणि पाय टेकतात तिथे, आणि उरला तर मग गिअर आणि कार्बनची फ्रेम.

पवार वहिनी: हेल्मेट कधी आणताय?

पवार: आज संध्याकाळी आणतो. कसं बघायचं?

शिंदे वहिनी: डोक्याचा घेर टेपने मोजून जा, आत सेंमी मधे साईज लिहिलेली असते. भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे सरकवून टोपीसारखं घालायचं नाही. पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही सारखे यायला हवेत. आत ईएन १०७८ असं काही लिहिलंय का बघा, ते सायकल हेल्मेटचं सेफ्टी स्टँडर्ड आहे. आणि एकदा जोरात आपटलं की ते बाद, वरून चांगलं दिसलं तरी

ओम: पंप घेतला का काका?

पवार: पेट्रोल पंपावर भरतो ना हवा

ओम: तुमच्या सायकलला बाईकसारखाच व्हॉल्व्ह आहे म्हणून चालेल. माझा बारीक, वर पितळी पिन फिरवून सैल करावी लागते, पंपावरच्या पोरांना माहीतच नसतो, एकाने दाबून पिनच वाकवली. मग तो छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर घेतला, खिशात मावतो, आता कुठेही हवा भरता येते

बोरसे: आमच्या वडिलांच्या अ‍ॅटलसला वॉल्ट्यूब होती, तिसराच प्रकार. रबर कुजलं की हवा गेलीच

कुलकर्णी काका: अ‍ॅटलसचा कारखाना पण गेला की, साहिबाबादचा, ३ जून २०२० ला बंद केला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, काय म्हणायचं.

कुलकर्णी काका: पंपावर भरताना एक काळजी घ्या. टायरच्या कडेला हवेचा दाब किती ते किती पीएसआय ते लिहिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. सायकलची ट्यूब एवढीशी, कॉम्प्रेसर दोन सेकंदात फाडतो. तुमचं ३५ मिमी रुंदीचं टायर आहे, वजन धरून ५०-५५ पुरे. ओमचं २८ चं आहे त्याला ८० च्या आसपास. घरी एक गेजवाला उभा पंप असला की आठवड्याला बघता येतं, सोसायटीत मिळून एक घेऊ, गायकवाड साहेब बघा.

बोरसे: आणि बाभळीचे काटे. धरणाकडच्या कच्च्या रस्त्याला ते आहेतच. मी टायरच्या आत लायनर टाकलाय, थोडं जड झालं पण तेव्हापासून शांती आहे

ओम: लायनरने टायर मेल्यासारखं वाटतं

बोरसे: तू ये बीआरएमला रात्री अकराला रस्त्याच्या कडेला टायर काढायला, मग सांग

शिंदे वहिनी: चेनला काय लावता सगळे? मी ते निळ्या डब्यातलं स्प्रे मारते

कुलकर्णी काका: ते गंज काढायला, घाण सोडवायला चांगलं, वंगण म्हणून नाही. त्याने आतलं तेलही निघून जातं आणि दोन दिवसात चेन कोरडी. रॉकेल किंवा डिझेलने ब्रश मारून साफ करा, फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग प्रत्येक कडीवर एक थेंब चेन ल्यूब, पाच मिनिटांनी वरचं पुसून टाका, तेल आत राहायला पाहिजे, बाहेर राहिलं की धूळ धरतं. पावसाळ्यात वेट ल्यूब, आता उन्हाळ्यात ड्राय. फक्त डिस्कवर एक थेंब जरी उडाला तरी ब्रेक गेला म्हणून समजा, पॅड तेल पितात.

पवार: बाप रे. मी आजच सगळीकडे स्प्रे मारणार होतो, डिस्कला पण, चमकायला

बोरसे: थोडक्यात वाचलात

पवार: मुलाला पण घ्यायचीय काका. आठ वर्षांचा आहे. २४ इंची घेतली तर चारपाच वर्षं जाईल ना?

कुलकर्णी काका: शाळेचा शर्ट वाढत्या मापाचा घेतात ते ठीक, सायकल नाही. त्याची बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोहोचली पाहिजेत आणि सीटवरून पाय टेकला पाहिजे. आठ वर्षांला बहुतेक २० इंची. शिंदे वहिनींच्या मुलीची २० ची पडून असेल बघा, ती आता मोठी सायकल चालवते.

शिंदे वहिनी: आहे की. घेऊन जा भाऊजी, ब्रेकच्या केबल बदला फक्त. पैसे नकोत, पेढे द्या

पवार वहिनी: थँक्यू ताई. हे १४ हजारातच बसवा आता

ओम: काका तुम्ही काय घेतलं या महिन्यात?

कुलकर्णी काका: बार टेप, हँडलला गुंडाळायची. आणि एक आरसा हँडलच्या टोकाला लावायचा. मान वळवून मागे बघताना आताशा तोल जातो.

ओम: मी तर कार्बनचं बघतोय. महाजन डॉक्टर लोकांनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका केली तेव्हा मी शाळेत होतो, तेव्हापासून डोक्यात आहे

कुलकर्णी काका: दोघा भावांनी मिळून केली ती, साधारण ४८०० किलोमीटर, नाशिकचं नाव काढलं. पण त्यांनी आधी पाय बनवले मग कार्बन. तू आधी बोरसेंबरोबर २०० कर.

ओम: ओके 🙈 फॉर्म भरतो

गायकवाड: आता माझं ऐका. पार्किंगमधे पिलरला बांधलेल्या सायकलींपैकी बऱ्याच कोणाच्या आहेत तेच माहीत नाही. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक सायकलला फ्लॅट नंबर लावा. ज्यांना नंबर नाही त्यांची यादी मीटिंगमधे येईल. सायकल स्टँडचं कोटेशन मागवलंय, पंपाचं त्यातच बघू.

बोरसे: स्टँड असा घ्या साहेब की फ्रेम बांधता येईल. ते चाक अडकवायचे खाचेवाले असतात त्यात चाक वाकतं आणि नुसतं चाक बांधलं तर चोर चाक ठेवून सायकल नेतो

शिंदे वहिनी: आणि वायरचं कुलूप लावू नका कोणी, पक्कडीने कापतात. यू लॉक घ्या

पवार: नवीन सायकल आहे, स्टिकर चिकटवला तर पेंट जाईल ना हो?

गायकवाड: सीटच्या खाली दांड्याला लावा.

कुलकर्णी काका: पवार, त्याआधी सायकल उलटी करा. पेडल जिथे बसतात त्या नळकांड्याच्या खाली फ्रेम नंबर कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, चोरी झाली तर पोलिसांना तोच द्यावा लागतो. बाकीच्यांनी पण काढा.

पवार: काढला. पण धूसर आलाय, त्यात तो ८ आहे का बी कळत नाहीये

ओम: टॉर्च तिरका धरा काका, समोरून मारलात की चमकतं