वारसा म्हणजे फक्त सातबारा का? (हक्कसोडीवरून पडलेला प्रश्न)

सदाफुली
वडील जाऊन सात महिने झाले. परवा दादाचा फोन, वारसनोंद लावायचीय तर आधी तू हक्कसोड देऊन टाक, म्हणजे पुढे कटकट नको. अडीच एकर आहे, आई, दोन भाऊ आणि मी. मला ती जमीन कसायची नाहीये खरं तर, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. घरी कुणी आलं की हेच लोक सांगतात, आमच्या घराण्याला कीर्तनाचा वारसा आहे आणि तो हिने चालवला बघा. म्हणजे गळ्याच्या वारशाला मी चालते आणि कागदावर नाव लागायची वेळ आली की मी पाहुणी? शब्द एकच आहे ना? तुम्ही सही केली असती का?

बांधावरचा
राग मानू नका ताई पण दुसरी बाजू पण ऐका. मी पण माझ्या घरचा असाच गावात राहिलेला भाऊ आहे. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, गाडी माझी, मजुरी बुडाली माझी, सोसायटीचं कर्ज अजून सातबाऱ्यावर इतर हक्कात बसलंय ते पण मीच फेडतोय आणि बहिणी दिवाळीला येऊन आंबोळ्या खाऊन जातात. वाटा मागताना बोजा पण वाटून घ्या की मग. अडीच एकराचे चार वाटे म्हणजे पंचवीस पंचवीस गुंठे, त्यात ट्रॅक्टर वळवायला तरी जागा राहील का. लग्नात खर्च झाला तो वेगळाच.

गुलबक्षी
लग्नाचा खर्च काढलाच बांधावरचा, तर तुमच्या लग्नाचा मांडव कुणी घातला होता? का तो वाट्यातून वजा झाला? हे लग्नाचं गणित कायम मुलीच्याच नावावर लिहितात.

फेरफार
भांडण चालू द्या, मी फक्त कागदाचं बोलतो. महाराष्ट्रात 1994 लाच मुलींना सहहिस्सेदार केलं होतं पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. मग 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा हिंदू वारसा कायद्यातला बदल आला, लग्न झालं असो नसो, वडिलोपार्जितमध्ये जन्मापासून मुलाइतकाच हक्क. त्यात वडील तेव्हा हयात हवेत का हा घोळ होता तो सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा केसमध्ये मिटवला, हयात असायची गरज नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी बायको मुलं मुली सारखेच. आणि दादाने क्रम उलटा सांगितलाय, आधी वारसनोंद सगळ्यांच्या नावाने लागते, हक्कसोड नंतर, ते पण मनात असेल तरच. तलाठ्यासमोर नुसत्या स्टॅम्प पेपरवर सही केली म्हणजे हक्कसोड नाही होत, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर व्हावी लागते. झाली की मात्र परत फिरवणं फार अवघड. आणि नाव लागलं म्हणजे लगेच बांध पडत नाही, वाटप ही वेगळी भानगड आहे, तेव्हा ट्रॅक्टरची काळजी सोडा.

माडाखाली
आमच्याकडे गोव्यात आईबापाला अर्धी मालमत्ता मुलांसाठी ठेवावीच लागते, मुलगी मुलगा फरक नाही, मृत्युपत्र केलं तरी उरलेल्या अर्ध्याचंच. ऐकायला मस्त वाटतं. आमच्या आजोबांच्या घराला आता एवढे मालक झालेत की कौलं बदलायला कुणी पुढे येत नाही, ओसरी गेल्या पावसात पडली. त्यामुळे मी काहीसा बांधावरच्यांच्या बाजूचा. जो राहतो त्याला जास्त मिळावं.

बांधावरचा
तेच म्हणतोय मी. कायदा काय, कागदावर ठीक आहे. सही न देणाऱ्या बहिणीला पुढच्या भाऊबीजेला कोण बोलावतं गावात ते पण लिहा की.

गुलबक्षी
हेच ते. धमकीला पण माहेर म्हणतात आपल्याकडे. राहतो त्याला जास्त हे मला मान्य आहे ओ, पण मग जास्त द्या, सगळंच कशाला? आणि दुसरा भाऊ पुण्यात नोकरीला असेल तर त्याच्याकडे कुणी हक्कसोड मागितली का सदाफुली?

सदाफुली
नाही मागितली. तो ठाण्याला असतो, शेतात दहा वर्षांत गेला नसेल.
दादाने खरंच खूप केलंय हे मी नाकारत नाही, त्याला जास्त द्यायलाही तयार आहे. पण त्याने विचारायला हवं होतं, सांगायला नको.

फेरफार
ताई एक विचारू का, एवढ्या चर्चेत आई कुठे आहे? तिचा पण तेवढाच वाटा आहे. तिचं काय म्हणणं?

सदाफुली
खरं सांगते मला सुचलंच नाही. आत्ता फोन केला. म्हणाली मागच्या महिन्यात तालुक्याला नेलं होतं, फोटो काढला, अंगठा घेतला, पेन्शनचं काहीतरी असेल. आईला पेन्शन नाहीये.

फेरफार
फोटो आणि अंगठा म्हणजे दस्त नोंदला गेलेला असू शकतो. उद्याच इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) काढा. दादाला अजून काही बोलू नका.