पॉटेजला मराठीत काय म्हणाल?

रानमोगरी: तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या खेड्यावरचा मजकूर मराठीत करतेय, शाळेतल्या मुलांसाठी. गरीब शेतकऱ्याचं रोजचं जेवण म्हणजे पॉटेज. मडक्यात पाणी, बार्ली नाहीतर ओट्स, वाटाणे, कोबी, कांदा, जे असेल ते घालून तासन्‌तास रटरटत ठेवायचं. मी 'पेज' लिहिलं तर तपासणाऱ्या बाई म्हणतात पेज आजारी माणसाची, 'सूप' करा. सूप मला अजिबात पटत नाही.

तळकोकणी: पेज आजाऱ्याची कोणी ठरवली? आमच्याकडे नांगराला जायच्या आधी उकड्या तांदळाची पेज नि लोणच्याची फोड हीच न्याहरी, आजी तर म्हणायची पेज पोटात नसेल तर चिखलात पाय टिकत नाही. पेजच ठेवा.

भीमथडी: पेजेत कोबी-वाटाणे कुठनं आले ओ? आमच्यात हुलग्याचं माडगं असतं, पीठ पाण्यात शिजवून केलेलं, ते जवळचं वाटतं. आंबील मात्र नको, ती आंबवलेली.

जुनी वही: पण पॉटेज फक्त गरिबाचं नव्हतंच. उमरावाच्या पंगतीलाही पॉटेज असायचं, फक्त त्यात मांस, बदामाचं दूध, केशर. आणि त्याच्याकडे गव्हाचा पांढरा पाव, शेतकऱ्याकडे राय-बार्लीचा काळा. म्हणजे शब्द असा हवा जो दोन्ही घरांत चालेल. माडगं वाड्यावर कसं शोभेल? मी 'कालवण' सुचवते, अस्सल मराठी, पाव त्यात कालवून खायचा.

तळकोकणी: कालवण तोंडीलावणं झालं, हे तर मुख्य जेवण. आणि लोक कालवण वाचलं की लाल तर्री डोळ्यापुढे आणणार. मिरची, बटाटा, टोमॅटो 1492 च्या आधी युरोपात नव्हतंच.

भीमथडी: आपल्याकडं तरी कुठं होतं, मिरची पोर्तुगीजांनी आणली. त्याआधीचं कालवण मिरीचंच, तरी कालवणच की.

जुनी वही: पावावरून आठवलं, लॉर्ड हा शब्दच जुन्या इंग्रजीतल्या 'पाव राखणारा'पासून आलाय आणि लेडी म्हणजे पीठ मळणारी. मला हे फार आवडतं.

सुगी: राखणाऱ्याचं झालं, पिकवणाऱ्याला काय लिहिलंय? 'कूळ' नको प्लीज. कूळ म्हटलं की 1948 चा कूळकायदा आठवतो, खंड भरला की माणूस मोकळा. तिथला व्हिलन, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेला शेतकरी (हो, खलनायकाचा व्हिलन ह्याच शब्दातून आला, खेडवळ म्हणून हिणवता हिणवता) आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचा, दळण मालकाच्याच गिरणीत, मुलीच्या लग्नालाही मालकाला पैसे. वेठबिगार लिहा.

जुनी वही: वेठबिगार म्हणजे एकच गोष्ट दोनदा. वेठ संस्कृत 'विष्टि'वरून, बिगार फारसी. नुसतं वेठ पुरे, 'वेठीस धरणे' सगळ्यांना कळतं.

सुगी: वेठबिगारी बंद करणाऱ्या 1976 च्या कायद्याच्या मराठी नावात वेठबिगारच आहे. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द फारसी म्हणून कापायचा हे मला मान्य नाही. अर्धी शेतीची भाषाच जाईल, पीक-पाहणीतली पाहणी राहील आणि जमीन जाईल, तोही शब्द फारसीच.

रानमोगरी: मी 'भूदास' लिहिलंय, पाठ्यपुस्तकात तोच होता. पण सुगीच्या दिवसांतलं जादा काम आहे ना, बूनवर्क, त्यात मालक सगळ्यांना जेवण द्यायचा, पाव, चीज, हेरिंग मासा, कधी एल दारू. त्याला काय?

भीमथडी: ही तर इर्जिक! गावातल्यांनी आपापले नांगर घेऊन एकाच्या शेतात यायचं नि त्यानं जेवण घालायचं. आमच्या मामाकडं मी खाल्लंय.

सुगी: इर्जिक मैत्रीखातर, उद्या तुमच्या रानात मी येणार. मालक काय व्हिलनच्या रानात येणार होता? जेवण दिलं म्हणून वेठीची इर्जिक होत नाही.

भीमथडी: उद्या तू माझ्याकडं येणार असशील तर ती सावड झाली, इर्जिक नव्हं. इर्जिकीत परतफेड जेवणानंच.

तळकोकणी: आमच्याकडे इर्जिक हा शब्दच नाही, कोणत्या जिल्ह्यात काय म्हणतात ते सांगा बरं.