पीडीएफ वाचायला काय घेऊ? टॅब की किंडल? रविवारच्या आत सांगा

पऱ्हाटीवाला
मदत हवी आहे. पीडीएफ वाचायला काय चांगलं पडते? मोबाईलवर वाचून डोक्याचा भुगा झाला. रविवारी अमरावतीला चाललो आहे, येताना घेऊनच येणार, तवा लवकर सांगा. आणि गुगल कर म्हणू नका, करून झालं आहे, तिथं सगळे आपापला माल विकून रायले.

मोर्शीकर
बजेट? पीडीएफ कशाच्या?

पऱ्हाटीवाला
अभ्यासाच्या हो. साध्याच.

तर्रीपोहा
भाऊ, डोळे मिटून किंडल, ॲमेझॉनचं ते पुस्तकं वाचायचं यंत्र. एकदा चार्ज केलं की आठवडे जातात, उन्हात बसलं तरी कागदासारखं दिसते. आपल्याकडे लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही, शेतात जागलीला गेलो तरी वाचता येते. मी तर आता छापील पुस्तक घेणंच सोडलं.

खारपाणपट्टा
डोळे मिटूनच घ्या लागन, कारण उघडे ठेवून सहा इंचावर पीडीएफ दिसतच नाई. तर्रीभाऊ तुम्ही कादंबऱ्या वाचता, त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप बसतात. पीडीएफचं पान जसं छापलं तसंच थिजलेलं असते, मोठं केलं की प्रत्येक ओळीले बोट डावीकडून उजवीकडे ओढत बसा. मी घेऊन बसलो आहे, आता आई त्यावर ज्ञानेश्वरी वाचते.

तर्रीपोहा
मग आडवं धरा ना. नाहीतर किंडलच्या मेलवर पाठवून पीडीएफ त्याच्या पुस्तकासारखी कन्व्हर्ट करा, फुकट होते.

खारपाणपट्टा
दोन कॉलमचा पेपर, मधात तक्ता अन् खाली तळटीप, असं एक पान कन्व्हर्ट करून दाखवा मले. तळटीप मजकुराच्या पोटात घुसते.

निंबोणी
हे सगळं राहू द्या, आमच्या इथं झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून स्पायरल करून घेतलं की काम भागते. पेन्सिलीनं खुणा करा, चहा सांडला तरी चालते.

मोर्शीकर
धागाकर्ते, विषय काय, भाषा कोणती, फाईली टाइप केलेल्या की स्कॅन, वर लिहायचं आहे का, बजेट किती. हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

पऱ्हाटीवाला
एवढं लागते का? बरं. इतिहासात पीएचडी सुरू आहे, वऱ्हाडातला कापसाचा व्यापार, १८६१ ते ६५ ची अमेरिकेतली यादवी अन् त्यानंतर. लायल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं १८७० चं गॅझेटिअर, म्हणजे वऱ्हाडाचा सरकारी माहितीग्रंथ, नंतरची जिल्हा गॅझेटिअरं, शोधगंगा साइटवरचे पीएचडीचे मराठी प्रबंध, अन् काही इंग्रजी पेपर. जुनं सगळं स्कॅनच आहे. लिहायचं तर आहेच, ते काय सांगायचं. बजेट २० हजारापर्यंत, जास्तीत जास्त २५, मी तासिका तत्त्वावर शिकवतो, मानधन कधी जमा होईल ते देवालाच ठाऊक. प्रिंट नको, गॅझेटिअर एकेक शेकडो पानांचं आहे, ते एसटीत घेऊन बसू काय.

बाभूळबन
पीएचडीला आता नेट परीक्षा लागते ना? २०२४ पासून प्रवेशाला नेटचे मार्क धरतात म्हणे. तुमचा प्रवेश कोणत्या साली?

पऱ्हाटीवाला
त्याचा इथं काय संबंध?

मोर्शीकर
आता बोलता येईल. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात अक्षरं नसतातच, मग कन्व्हर्ट काय होणार. आणि मराठी प्रबंध बरेचसे जुन्या फॉन्टमधले, युनिकोडच्या आधीचे, कन्व्हर्ट केले की भलतीच चिन्हं येतात, शब्द शोधला तर सापडत नाही. म्हणजे किंडलवर जी सोय मिळते ती तुमच्या फाईलींना मिळतच नाही. तुम्हाला पान आहे तसंच पाहायचं आहे, मग राहिला फक्त आकार. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद असते. सहा इंची किंडलची काच ९० च्या आसपास, म्हणजे पान निम्म्याहून लहान. दहा-सव्वादहा इंचाची काच दीडशेच्या जवळ जाते, म्हणजे साधारण ७० टक्के. दहा इंची ई-इंक, म्हणजे किंडलसारख्या कागदी काचेचे, मिळतात पण तुमच्या बजेटात नाही बसत, आणि भारी स्कॅनचं पान पलटायला वेळ लावतात. तुमचा मार्ग टॅबचाच.

विहीरवाला
मग आयपॅड! जुना घ्या, जुनाही चांगला चालतो. त्याची काच ४:३ प्रमाणात असते, म्हणजे लांबी-रुंदी कागदाच्या जवळ. बाकीचे बरेचसे टॅब सिनेमा पाहायला लांबुळके केलेले. १०.२ इंची आयपॅड उभा धरला की ११ इंची लांबुळक्या टॅबपेक्षा रुंद भरतो, मोजून पहा.

खारपाणपट्टा
हे खरं हाय. पण जुना घ्यायचा तर बॅटरी पाहून. अन् ॲपलवाले म्हणते ३५ डिग्रीपर्यंतच वापरा. मे महिन्यात आपल्या अकोल्यात ३५ डिग्री म्हणजे पहाट.

विहीरवाला
किंडललाही तीच मर्यादा आहे साहेब. वापरतच नाही का कोणी?

निंबोणी
प्रिंटला डिग्रीची मर्यादा नाही.

मोर्शीकर
निंबोणीताई, तुमच्या झेरॉक्सचा उपयोग आहे. धागाकर्ते, तुमच्या सगळ्यात बारीक अक्षराच्या दोन पानांची झेरॉक्स ७० टक्क्यावर काढा. तशीच दुसरी प्रत ५० वर. सत्तरवाली म्हणजे दहा इंची टॅबवर दिसेल ते, पन्नासवाली सहा इंचीवर दिसेल त्याहून जरा मोठीच. घरी बसून अर्धा तास वाचून पहा. दुकानात चमकदार डेमो पाहून ठरवू नका.

पऱ्हाटीवाला
काढली. गॅझेटिअरचं ७० वर आरामात वाचता येते, अक्षर मोठंच होतं त्याचं. इंग्रजी पेपरच्या तळटीपा मात्र जड जातात. पन्नासवाली चष्मा लावूनही नाही. किंडल कॅन्सल.

मोर्शीकर
त्या पेपरच्या कडेचा पांढरा भाग कापून टाका, अक्षर बरंच वाढते. केओरीडर नावाचं वाचायचं ॲप फुकट आहे, अँड्रॉइडवर चालते, त्यात ती सोय आहे. तळटीपेपुरता टॅब आडवा करायचा.

तर्रीपोहा
डोळ्यांचं काय पण? रात्रभर काचेकडे पाहणार?

खारपाणपट्टा
रात्रभर काहून वाचते कोणी, झोपा की.

पऱ्हाटीवाला
पेनाचं कोणीच नाही सांगितलं. वेगळा घ्यावा लागते का?

विहीरवाला
आयपॅडला वेगळा, आणि स्वस्त नाही.

मोर्शीकर
सॅमसंगच्या एस-सिक्स लाइट टॅबमध्ये पेन डब्यातच येतो, मेमरी कार्डही टाकता येते, स्कॅन भारी असतात म्हणून ते कामाचं. १०.४ इंच आहे, लांबुळका आहे, पण तुमच्या सत्तर टक्क्याच्या जवळपासच जाते. भाव रविवारी दोन दुकानांत विचारा.

पऱ्हाटीवाला
ठीक. तोच पाहतो, डब्यात पेन आहे ना ते उघडून पाहूनच पैसे देतो.

बाभूळबन
ते लायलचं गॅझेटिअर कुठून उतरवलं? माझ्याकडच्या प्रतीत मधली पानं वाकडी आहेत.