भंगारातला ८ अँपिअरचा डिमरस्टॅट: जोडण्याआधी काय तपासू?

सिंगल फेज डिमरस्टॅट (नॉब फिरवून एसी व्होल्टेज कमी-जास्त करणारा एकाच वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर) भंगारात मिळाला. प्लेटवर इनपुट २४० व्होल्ट, आउटपुट ०–२७०, ८ अँपिअर एवढंच वाचता येतं. टर्मिनल चार, खुणा पुसलेल्या. ट्रॅकवर (वाइंडिंगच्या ज्या उघड्या पट्ट्यावरून नॉबचा कार्बन सरकतो तिथे) एका जागी काळा डाग आहे. घरच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅम्प्लिफायर हळूहळू व्होल्टेज वाढवत तपासायचे आहेत. टर्मिनल कशी ओळखू? फ्यूज कुठे आणि कितीचा? अजून प्लगला लावलेला नाही.

प्रतिसाद १

लावूही नका. नॉब फिरवताना ज्या टर्मिनलचे ओहम बदलतात ते कार्बनचं (नॉबसोबत ट्रॅकवर सरकणाऱ्या ब्रशचं), म्हणजे आउटपुट. उरलेल्या तिघांत वाइंडिंगची दोन टोकं आणि एक २४० चा टॅप (वाइंडिंगच्या मधूनच काढलेली तार). ओहम फार कमी असतात, मीटरवर फरक नीट कळत नाही, म्हणून तारा डोळ्यांनी वाइंडिंगपर्यंत शोधा. मग साध्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी दोन टोकांना द्या (अडॅप्टर नको, त्यातून डीसी येतो). कॉमन टोकापासून (इनपुट आणि आउटपुट दोन्हीला सामाईक असलेलं टोक) टॅपवर साधारण १०.७ व्होल्ट मिळायला हवेत. चुकून टॅप आणि त्याच्या जवळच्या टोकाला दिलेत तर दुसऱ्या टोकावर शंभराच्या वर व्होल्ट येतात, तेव्हा हात लांब ठेवा. नॉब शून्यावर असताना कार्बन ज्या टोकाशी असतो ते कॉमन.

आता नॉब सावकाश फिरवा. व्होल्टेज एखाद्या जागी गायब होत असेल तर तिथे ट्रॅक जळालाय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डाग पेन्सिलच्या खोडरबरने घासा. स्टील वूल वापरू नका, त्याचे कण वेढ्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. कार्बन झिजला असेल तर त्याच मापाचा आणि त्याच जातीचा घ्या. तो शेजारच्या दोन वेढ्यांना एकाच वेळी टेकतो आणि त्यांच्यातला करंट त्याच्या स्वतःच्या रेझिस्टन्समुळेच आटोक्यात राहतो. तांब्याचा तुकडा बसवलात तर ते वेढे जळतील.

प्रतिसाद २

मेनला पहिल्यांदा जोडताना १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. एलईडी चालणार नाही. आउटपुट मोकळं ठेवा. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा जेमतेम लालसर राहिला तर ठीक. भरपूर पेटून राहिला तर वेढे शॉर्ट आहेत, मग तो डिमरस्टॅट सोडून द्या.

न्यूट्रल कॉमनलाच हवा. उलट झालं तर नॉब शून्यावर असतानाही आउटपुटच्या दोन्ही तारा अर्थच्या तुलनेत २३० व्होल्टवर राहतात आणि मीटर मात्र शून्य दाखवतो. सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आहे का ते टेस्टरने पाहा, आणि डबल पोल स्विच लावा.

फ्यूज दोन्हीकडे लागतो, पण खरं काम कार्बनच्या बाजूचा करतो. १० व्होल्टवर आउटपुटला ४० अँपिअर गेले तर मेनमधून दोन अँपिअरसुद्धा ओढले जात नाहीत. इनपुटची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) शांत बसेल आणि कार्बन लाल होईल. म्हणून कार्बनकडून येणाऱ्या तारेत ८ अँपिअरचा फ्यूज घाला. हे ८ अँपिअर प्रत्येक व्होल्टेजला तेवढेच राहतात. ५० व्होल्टवर फक्त ४०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) मिळतात. इनपुटला १० अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी (क्षणिक झटका जास्त सहन करणारी) लावा, बी कर्व्हची चालू करतानाच्या झटक्याने पडू शकते. तार २.५ चौरस मिमी. अर्थसाठी फ्रेमवरचा रंग खरवडून दातेरी वॉशर लावा.

प्रश्नकर्ता

मेगरने (इन्सुलेशन मोजायचा मीटर) फ्रेम आणि वाइंडिंगमध्ये ०.४ मेगओहम आले. आणि हा लावला की अ‍ॅम्प्लिफायर मेनपासून वेगळा होतो का?

प्रतिसाद २

०.४ वर चालवू नका. कार्बनची पूड ब्लोअरने काढा, डिमरस्टॅट खोक्यात ठेवून आत १०० वॉटचा बल्ब रात्रभर पेटता ठेवा. बल्ब वाइंडिंगपासून वीतभर लांब असू द्या, खोका पत्र्याचा घ्या. गार झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने पुन्हा मोजा. दोन-चार मेगओहमच्या वर गेला तर तो ओलावा होता. नाही गेला तर तारेवरचं इन्सुलेशनचं वार्निश फुटलंय.

वेगळा अजिबात होत नाही, एकच वाइंडिंग आहे. त्यासाठी डिमरस्टॅटच्या आधी १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन वेगळ्या वाइंडिंगचा, व्होल्टेज तेवढंच ठेवणारा) लागेल, पण त्याच्या पुढे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पडणारा स्विच) तुमचं रक्षण करणार नाही, हे लक्षात ठेवा. २७० ची गरज नसेल तर मेन टॅपऐवजी दोन्ही टोकांना द्या. आउटपुट २३० वरच थांबतं, कोअर (आतला लोखंडी गाभा) शांत राहतो. डायल मात्र जास्त दाखवेल, तिथे नवीन खुणा मीटरवर बघून करा.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक स्विचिंगचा पॉवर सप्लाय) असेल तर व्होल्टेज हळूहळू वाढवून काही कळत नाही, कमी व्होल्टेजला तो उलट जास्त करंट ओढतो. तिथे सिरीज बल्बच बरा.