अनुभव धागा: कंटेंट मार्केटर्सचा गट बोलता कसा झाला?

मधली_ओळ (धागाकर्ती)

कंटेंट मार्केटर, म्हणजे कंपन्यांसाठी लेख, न्यूजलेटर, व्हिडिओ करून लोकांचं लक्ष वेधून घेणं हाच ज्यांचा धंदा, अशी माणसं एका ऑनलाइन गटात जमली की काय होतं? सगळे व्यासपीठावर आणि समोर खुर्च्या रिकाम्या. नवा लेख झाला, लिंक टाकली, दोन-चार अंगठे आले, विषय संपला. दुसऱ्याची लिंक उघडायला कोणाला वेळ नाही, कारण तो स्वतःची टाकायला आलेला असतो.

वेबच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६मध्ये ९०-९-१ हा ठोकताळा मांडला होता. ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळा मजकूर उरलेल्या १ टक्क्याचा असतो. म्हणून रोमातल्या (नुसतं वाचणाऱ्या) प्रत्येकाला ओढून बाहेर काढायचं, हे ध्येयच मला पटत नाही. वाचणारा वाचतोय, त्याला उपयोग होतोय, राहू द्या. मला उत्सुकता आहे ती मधल्या ९ टक्क्यांची. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं आणि तरी जे प्रतिसाद टाइप करून पुसून टाकतात, ते.

असा गट चालवला असेल किंवा अशा गटात तुम्ही स्वतः बोलू लागला असाल, तर लिहा. ‘दर्जा राखा, सातत्य ठेवा’ छापाचं नको, ते आपण क्लायंटला रोज विकतो. कशावर लोक बोलले, कशावर गप्प बसले, एवढंच सांगा. गटाचं किंवा कंपनीचं नाव नको.

माझ्याकडून सुरुवात. आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललं ते अर्धवट काम. छापून झालेल्या लेखावर कोण काय बोलणार? ‘मस्त जमलाय’, बास. म्हणून आम्ही आठवड्यातला एक दिवस फक्त अडलेल्या मजकुराला दिला. हेडलाइनचे दोन-तीन पर्याय, न जमलेला पहिला परिच्छेद, क्लायंटने तिसऱ्यांदा परत पाठवलेली ब्रीफ (कामाचा आराखडा), काहीही चालेल. अट एकच: वाचक कोण आणि तुम्हाला नेमकं काय विचारायचंय, हे लिहायचं. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर पोस्ट परत. पहिले काही आठवडे मीच दोघा-तिघांना आधी गळ घालून ठेवायचे, ते आपापले मसुदे टाकायचे. मग ती गरज उरली नाही. लिंक टाकताना प्रत्येक जण तज्ज्ञ असतो, अडलेलं वाक्य टाकताना कोणीच नसतो, म्हणून समोरच्याला तोंड उघडायला सोपं जातं.

निळी_शाई

धागा आवडला. मी त्या मधल्या ९ टक्क्यांतली, त्यामुळे पलीकडची बाजू सांगते.

मी गप्प का होते? लाजाळू म्हणून नाही. त्याच गटात माझे दोन क्लायंट होते. ‘विषयतज्ज्ञ वेळ देत नाहीत, मजकूर अडकून पडतो’ असं लिहिलं तर कोणाबद्दल लिहिलंय हे त्यांना लगेच कळलं असतं. वर एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार. फ्रीलान्सर मंडळी बोलत नाहीत याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं आणि ते कोणी उघड सांगतही नाही.

दोन गोष्टींनी फरक पडला. एक, मॉडरेटरकडे प्रश्न पाठवायचा आणि त्यांनी तो निनावी टाकायचा, ही सोय झाली. गटातले सगळ्यात खरे प्रश्न तिथूनच यायला लागले. दुसरी गोष्ट साधी होती. मॉडरेटर ताईंनी मला व्यक्तिगत निरोप पाठवला: ‘तुम्ही आरोग्यविषयक मजकुरावर काम करता ना? एकाने विचारलंय की डॉक्टरांकडून मजकूर तपासून घेण्याचा टप्पा मसुद्याच्या आधी ठेवावा की नंतर. याचं उत्तर इथे तुमच्याशिवाय कोणी देईलसं वाटत नाही.’ मग गप्प कशी बसणार! ‘तुमचं मत मांडा’ असं सगळ्या गटाला म्हटलं की ते कोणालाच म्हटलेलं नसतं.

(उत्तर हवं असेल तर: आधी मुद्द्यांचा आराखडा तपासून घ्यायचा, शेवटी फक्त तथ्यं. पूर्ण मसुदा पाठवला की ते स्वल्पविराम दुरुस्त करत बसतात.)

सर्च_कन्सोल

आमच्या गटात लोकांना बोलतं करावं लागलं नाही, बाहेरच्या धक्क्यांनीच केलं. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं तेव्हा, १ जुलै २०२३ला साइटवरची वर्दळ मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने नवा डेटा घेणं थांबवलं तेव्हा आणि सप्टेंबर २०२३मध्ये गूगलच्या शोधनिकालांचा क्रम बदलणाऱ्या हेल्पफुल कंटेंट अपडेटच्या वेळी तर कहर झाला. एरवी महिनोन्‌महिने रोमात असलेली माणसं रात्री दोन वाजता आलेख टाकत होती.

पण गर्दी झाली म्हणजे चर्चा झाली असं नाही. पहिल्या दिवशी नुसतं ‘आमचंही पडलं’, ‘+१’, ‘+१’. धीर मिळतो, हाती काही लागत नाही. म्हणून मी एक साचा टाकला आणि सगळ्यांना त्यातच लिहायला सांगितलं: साइटचा प्रकार, घसरण कोणत्या तारखेपासून, पूर्ण साइट की ठरावीक पानं, इम्प्रेशन (शोधात किती वेळा दिसलो) पडलीत की फक्त क्लिक, त्याआधीच्या तीन महिन्यांत काय बदललं. ज्यांचं ट्रॅफिक वाढलं त्यांनाही मुद्दाम ओढून आणलं, कारण अशा वेळी ते हळूच कल्टी मारतात.

साच्यामुळे दोन फायदे झाले. लिहिणाऱ्याला सुरुवात कशी करायची याचा विचार करावा लागला नाही, रकाने भरले की प्रतिसाद तयार. आणि वाचणाऱ्याला दोन साइट शेजारी ठेवून बघता आल्या, त्यामुळे लोक मला सोडून एकमेकांना प्रश्न विचारू लागले. ‘तुमची फक्त तुलनात्मक पानं पडलीत का? आमचीही तीच.’ मार्च २०२४च्या कोअर अपडेटमध्ये गूगलने ती हेल्पफुल कंटेंटची वेगळी यंत्रणा मुख्य रँकिंगमध्येच विलीन केली, तेव्हा तोच धागा पुन्हा वर काढला. नवा काढला असता तर आधीची सगळी तुलना गेली असती.

एक सूचना: बातमी टाकून ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारू नका. वाटायला कोणालाच काही वाटत नसतं. ‘तुमच्याकडे काय दिसतंय?’ विचारा.

उगाचच

इतकं सभ्य राहून काय होणार? काडी टाका, काडी!

कनिंगहॅमचा नियम ठाऊक असेलच: इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. १९९५मध्ये पहिलं विकी सुरू करणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावावर तो खपतो. त्यांनी स्वतः हे आपलं म्हणणं नाही असं सांगून झालंय, तरी खपतोच. म्हणजे नियम किती पक्का आहे बघा.

मी एकदा ठणकावून लिहिलं, ‘न्यूजलेटर चालतंय की नाही हे कळायला ओपन रेटसारखा (किती जणांनी मेल उघडली) दुसरा मापदंड नाही.’ तासाभरात झुंबड. ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणल्यापासून माणसाने मेल उघडो न उघडो, उघडल्याची खबर देणारा अदृश्य पिक्सेल आधीच लोड होतो आणि ओपन रेट फुगतो, हे मला निदान दहा जणांनी दहा पद्धतींनी समजावलं. त्यातल्या तिघांनी मग क्लिक, उत्तरं आणि सदस्यत्व सोडणारे यांवरून न्यूजलेटर कसं जोखायचं ते सविस्तर लिहिलं. ते प्रतिसाद अजूनही लोक शोधून काढून वाचतात.

मधली_ओळ

@उगाचच, गंमत आहे, पण हे रोज चालणार नाही हो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लोक म्हणतात, ‘आला काड्या घेऊन.’ आणि नवख्या माणसाने तुमचं पहिलंच वाक्य खरं धरून क्लायंटला सांगितलं तर?

उगाचच

म्हणून मूळ पोस्टमध्ये खाली दुरुस्ती जोडतो. इतका पण वाईट नाही मी.

रात्रपाळी

चर्चा पेटवण्यापेक्षा विझू न देणं जास्त महत्त्वाचं, असं माझं मत. नव्या सदस्याने पहिला प्रश्न विचारला आणि त्याला कोणी ओ दिली नाही, तर तो परत येत नाही. तक्रारही करत नाही, नुसता जातो.

आम्ही मॉडरेटर मंडळींनी पाळ्या लावल्या. काम उत्तर देण्याचं नाही, उत्तर देऊ शकेल असा माणूस शोधून त्याला हाक मारण्याचं. हा फरक महत्त्वाचा आहे. मॉडरेटरच सगळ्यांना उत्तरं देऊ लागला की गटाचं ग्राहक सेवा केंद्र होतं. प्रश्न तिकडून, उत्तर इकडून, बाकीचे बघे. शुक्रवारी आम्ही आठवड्यातल्या अनुत्तरित प्रश्नांची यादी टाकतो. ‘हे पाच जण अजून वाट बघताहेत.’ एवढीच ओळ. या यादीवर जितके लोक धावून येतात तितके कोणत्याही चकचकीत पोस्टवर येत नाहीत. बरं, प्रश्न फार मोघम असेल तर यादीत टाकण्याआधी विचारणाऱ्याकडूनच तो नीट करून घेतो.

कॉमा_पूर्णविराम

‘आपली ओळख करून द्या’ हा धागा बंद केला, हा माझा सगळ्यात यशस्वी निर्णय. त्यावर लोक लिंक्डइनचा बायो डकवायचे. ‘ब्रँड्सना त्यांचा आवाज शोधून देतो’ वगैरे. यावर पुढचा काय बोलणार? आता नव्या माणसाला विचारतो, ‘सध्या कोणता मजकूर डोकं खातोय?’ बायो आपोआप मागे राहतो आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी सोबती भेटतो.

जुना_खोड

वय झालंय, थोडा इतिहास ऐकून घ्या. यूजनेटवर, म्हणजे जुन्या काळच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, रीतभात ठाऊक नसायची, जुने लोक त्यांना वळण लावायचे. १९९३-९४च्या सुमारास एओएलसारख्या इंटरनेट सेवांच्या ग्राहकांचा लोंढा सुरू झाला आणि वळण लावणं कोणाच्या आवाक्यात राहिलं नाही. तो काळ आजही ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणून ओळखतात. सदस्यसंख्या वाढली की एंगेजमेंट वाढते असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. त्याआधीचा, १९८५चा ‘द वेल’ हा ऑनलाइन समूह बघा. तिथे तत्त्व होतं की तुमच्या शब्दांचे मालक तुम्ही. बोललात तर जबाबदारीही तुमची.

पण उलट टोकही नको. मी सांभाळतो त्या गटात कोणीतरी उत्साहाने एसईओ, न्यूजलेटर, व्हिडिओ, बीटूबी, नोकऱ्या, यशोगाथा असे कप्पे पाडून ठेवले होते. प्रत्येक कप्प्यात शेवटचा संदेश कित्येक आठवड्यांपूर्वीचा. नवा माणूस येऊन बघतो तर सामसूम. आम्ही बहुतेक कप्पे मोडून एकत्र केले. माणसं तेवढीच, बोलणं तेवढंच, पण एका जागी दिसू लागलं आणि वाढलं. ज्या विषयावरच्या गप्पांनी बाकीच्यांना कंटाळा येईल, त्यालाच वेगळा कप्पा द्यावा. आधी नाही.

ब्रीफवाली

माझी गोष्ट नोकरीतली. एका सॉफ्टवेअर कंपनीने ग्राहकांसाठी चालवलेली कंटेंट मार्केटर्सची कम्युनिटी, मी तिची व्यवस्थापक. वरून आदेश: कमेंट वाढवा. म्हणून प्रत्येक कमेंटला गुण, गुणांवर बिल्ला, बिल्ल्यांची क्रमवारी. आकडे वाढले की! ‘छान माहिती’, ‘अगदी खरं’, ‘धन्यवाद’. अहवालात हिरवा बाण, आणि वाचायला गेलं तर एक ओळ कामाची नाही. फेसबुकने डिसेंबर २०१७मध्येच ‘लाइक करा, टॅग करा, कमेंटमध्ये हो लिहा’ छापाच्या पोस्ट खाली ढकलायला सुरुवात केली होती, आणि आम्ही तेच घरच्या घरी पिकवत होतो.

क्रमवारी बंद व्हायला बऱ्याच बैठका लागल्या. त्या जागी दोन आकडे मांडले. विचारणाऱ्याने स्वतः ‘उपयोग झाला’ अशी खूण केलेले प्रश्न किती, आणि कंपनीच्या माणसाशिवाय सदस्यांनी आपापसात सोडवलेले किती. पहिल्या अहवालात एकूण कमेंट निम्म्याहून खाली दिसल्या तेव्हा साहेबांचा चेहरा पडला. पण विक्रीवाले मात्र खूश होते, कारण ग्राहक नेमके कुठे अडतात हे त्यांना पहिल्यांदाच वाचायला मिळत होतं. शेवटी आमची बाजू त्यांनीच लावून धरली.

तळटीप

नवा रोग कोणीच काढला नाही. प्रश्न पडला की दोन मिनिटांत येणारं पाच मुद्द्यांचं गुळगुळीत उत्तर. चूक काही नसतं, बरोबरही काही नसतं. असे तीन प्रतिसाद आले की ज्याला खरंच माहीत आहे तो लिहीत नाही, त्याला वाटतं झालं सगळं सांगून.

आम्ही एआयवर बंदी घातली नाही, ती राबवता येत नाही. प्रतिसादात स्वतः केलेल्या कामातलं काहीतरी हवं, एवढा नियम केला: आकडा, स्क्रीनशॉट, आधीचा-नंतरचा मजकूर किंवा ‘करून पाहिलं, जमलं नाही.’ गूगलनेसुद्धा डिसेंबर २०२२मध्ये आपल्या गुणवत्तेच्या निकषांत अनुभवाचा (एक्सपीरियन्सचा) जादा ‘ई’ घातलाच आहे. क्लायंटला तो ‘ई’ समजावून सांगणाऱ्यांनी आपल्या गटात तो पाळायला काय हरकत? प्रतिसाद कमी झाले, लांबीही कमी झाली. वाचायला मात्र लोक परतले.

निळी_शाई

तज्ज्ञ पाहुण्यांच्या लाईव्ह सत्रांचा कोणाला चांगला अनुभव आहे का? आमच्याकडे गर्दी होते, टाळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शांतता.

रात्रपाळी

@निळी_शाई, पाहुण्याचं भाषण रद्द करा. आधी सदस्यांकडून एक खरं प्रकरण घ्या, पाहुण्याने तेच सगळ्यांसमोर उलगडायचं. नंतर त्या सदस्याने काय केलं आणि पुढे काय झालं, हे तोच येऊन लिहितो. सत्रापेक्षा त्या धाग्यावर जास्त बोलणं होतं. आणि सारांश लिहून ठेवायला विसरू नका. गट स्लॅक या गटचर्चेच्या ॲपच्या मोफत योजनेवर असेल तर सप्टेंबर २०२२पासून तिथे ९० दिवसांमागचं काही दिसत नाही. त्या हिशेबाने आम्ही दर महिन्याला निवडक उत्तरं बाहेर एका फाइलमध्ये काढून ठेवतो.

कॉमा_पूर्णविराम

सगळं वाचलं, पण मूळ विषयाला कोणी हातच लावला नाही. पैसे! बहुतेक गटांत दराची चर्चा ‘शिस्तीत बसत नाही’ म्हणून बंद असते, आणि सगळ्यांना व्यक्तिगत निरोपात विचारायचं असतं तेच.

मधली_ओळ

आमच्याकडे आहे ती चर्चा, निनावी फॉर्मवर. कामाचा प्रकार, अनुभवाची वर्षं, दर शब्दावर की प्रकल्पावर, संशोधन आणि मुलाखती धरून की वेगळ्या, आणि किती वेळा दुरुस्ती करून द्यायची. तक्ता सगळ्यांना खुला. मला वाटलं होतं आकड्यांवरून भांडणं होतील, पण वाद पेटला तो शेवटच्या रकान्यावर. ‘दुरुस्ती अमर्याद’ लिहिणाऱ्यांना बाकीच्यांनी असं काही फैलावर घेतलं की त्यातल्या काहींनी करारात मर्यादा घातली. त्या करारातलं कलम कसं लिहायचं, यावर सध्या तिथे नवा धागा सुरू आहे. मसुदा इथेही डकवू का?

उगाचच

डकवा. चुका काढायला मी आहेच.