पडत्या काळात मिथककथा वाचायच्या तर कशा? (टॉल्किन, ले ग्विन वगैरे)

शब्दवेल्हाळ
'पुराणातली वांगी पुराणात' म्हणणाऱ्यांनी हा धागा सोडून द्यावा. आमचा आठ जणांचा वाचनगट आहे, दर पंधरवड्याला दीड तास. सध्याच्या बातम्यांनी सगळेच वैतागलेत, म्हणून मिथकाच्या धाटणीची फँटसी घ्यायची ठरलीये. शंका अशा: टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (दुष्ट सॉरॉनची सत्तेची अंगठी नष्ट करायला निघालेल्यांची कथा) अख्खं झेपणार नाही, मग निवडक काय घ्यावं? चर्चा 'अंगठी म्हणजे अणुबॉम्ब'वर घसरते, ती कशी आवरायची? आणि हा पलायनवाद आहे म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

जुनं_खोड
'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे सहा भाग, एकूण ६२ प्रकरणं आहेत. पहिल्यापासून सुरू केलंत तर निम्मे लोक टॉम बॉम्बाडिलपाशी गळतात आणि उरलेले एलरॉण्डच्या सभेत. त्यापेक्षा पाच बैठका करा. कथानक माहीत नसलेल्यांना आधी दोन पानांचा गोषवारा द्या.

पहिली बैठक: 'द शॅडो ऑफ द पास्ट' (भाग १, प्रकरण २). हे माझ्याच हयातीत का घडावं, असं अंगठी वाहणारा फ्रोडो म्हणतो आणि जादूगार गँडाल्फ त्याला उत्तर देतो, की मिळालेल्या वेळेचं काय करायचं एवढंच आपण ठरवायचं. त्या उत्तराचं आता पोस्टर झालंय, त्यामुळे लोक तिथेच थांबतात. थांबू देऊ नका. थोडं पुढे गॉलमला (अंगठीचा आधीचा, तिच्यापायी बिघडलेला धनी) मारायला हवं होतं की नव्हतं यावर बोलणं आहे, आणि शेवटी अंगठी नष्ट होते ती त्या दयेमुळे.

दुसरी: 'द स्टेअर्स ऑफ किरिथ उंगोल' (भाग ४, प्रकरण ८). आपण जुन्याच गोष्टीत अजून चालतोय हे फ्रोडोचा सोबती सॅम याच्या लक्षात येतं, तो भाग सगळ्यांना आवडतो. पण प्रकरणाचा शेवट मोठ्याने वाचा. झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला गॉलम हळूच हात लावतो, सॅम जागा होऊन त्याच्यावर खेकसतो आणि गॉलम सुधारण्याची ती एक घटका निघून जाते. खेकसणारा माणूस चांगला आहे, दमलेला आहे. चर्चेला एवढं पुरे.

तिसरी: 'द पायर ऑफ डेनेथॉर' (भाग ५, प्रकरण ७). माझ्या मते तुमच्या गटाला हेच सगळ्यात लागू पडेल, दीड तास पुरणार नाही. वेढ्यात सापडलेल्या शहराचा कारभारी डेनेथॉर याच्याकडे पॅलांटीर आहे, दूरचं दाखवणारा गोळा. त्यात तो जे पाहतो ते खोटं नसतं. काळ्या शिडांची गलबतं नदीतून वर येताना त्याला दिसतात, आणि ती खरोखर येतही असतात. फक्त त्यांच्यावर आता शत्रू नसून अ‍ॅरागॉर्न, म्हणजे पुढचा राजा, असतो. म्हणजे चित्र खरं आणि निष्कर्ष चुकीचा. फोनवर रात्रभर बातम्या चाळणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. डेनेथॉर तो गोळा छातीशी धरून जळून मरतो. पुढे त्या गोळ्यात पाहणाऱ्याला, फार मोठी इच्छाशक्ती नसेल तर, ज्वाळांत सुकत जाणारे दोन म्हातारे हातच दिसत राहतात.

याच प्रकरणात दुसरा हिशोबही आहे. डेनेथॉर सोबत जाळू पाहतो त्या मुलाला, फारामिरला, वाचवायला गँडाल्फ रणांगण सोडून येतो, आणि आपण गेलो तर तिकडे दुसरे कुणी मरतील हे त्याला ठाऊक असतं. शिपाई बेरेगॉण्डही त्याच्यासाठी पहारा सोडतो, स्मशानाच्या दारावर आपल्याच माणसांचं रक्त सांडतो. पुढे राजा त्याला शहराबाहेर काढतो आणि त्याच दमात फारामिरच्या रक्षकदलाचा नायक नेमतो. हा निवाडा शिक्षा आहे की बक्षीस, एवढाच प्रश्न टाका आणि गप्प बसा.

चौथी: 'माउंट डूम' (भाग ६, प्रकरण ३). फक्त चित्रपट पाहिलेले इथे हमखास चुकतात. चित्रपटात फ्रोडो गॉलमशी झटापट करतो. पुस्तकात गॉलम आनंदाने नाचता नाचता कडेवरून जातो. फ्रोडो अंगठी टाकत नाही, ती आपली म्हणून बोटात घालतो. नायक शेवटच्या पायरीवर हरतो हे गटाला पचायला वेळ लागतो.

पाचवी: शेवटची दोन प्रकरणं, 'द स्कावरिंग ऑफ द शायर' आणि 'द ग्रे हेवन्स'. घरी, शायरला, परतावं तर झाडं तोडलेली आणि नियमांच्या पाट्या लागलेल्या.

तळटीप
वरची यादी उत्तम. रूपकाचं मी सांगतो. दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना सुरुवातीलाच वाचून दाखवा, फार तर दहा मिनिटं. टॉल्किन तिथे रूपकाला स्पष्ट नकार देतो आणि वाचकाने आपल्या अनुभवाला लावून पाहण्याची मोकळीक मात्र ठेवतो. पुढे म्हणतो, ही दुसऱ्या महायुद्धाची कथा असती तर अंगठी नष्ट न करता सॉरॉनविरुद्ध वापरली असती. अणुबॉम्बवाल्यांना याहून चोख उत्तर नाही. १९१६च्या सॉमच्या लढाईत तो स्वतः होता; पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत त्याचे जवळचे मित्र गेले होते, हेही प्रस्तावनेत येतं.

गटात नियम करा: 'अमुक म्हणजे तमुक' असं वाक्य चालणार नाही, 'इथे हे पात्र काय निवडतं आणि त्याला त्या क्षणी काय माहीत असतं' असं बोलायचं. पहिल्या बैठकीत पाच-सहा वेळा टोकावं लागेल, मग सवय होते.

पलायनवादाचं उत्तरही त्याचंच आहे. १९३९ साली सेंट अँड्र्यूजला परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात तो म्हणतो की कैद्याची सुटका आणि शिपायाचं पळून जाणं यांत टीकाकार गल्लत करतात. तुरुंगात बसून बाहेरचं बोलणं हा काही गुन्हा नाही.

रोकची_वारी
थोडं वेगळं मत. सगळेच वैतागलेले असतील तर लढाया कशाला? ले ग्विनचं 'द फार्दस्ट शोर' (१९७२) घ्या. १३ प्रकरणं, तीन बैठकांत होतं. तिथे संकट म्हणजे सैन्य नाही. जादू जगातून गळत चाललीये आणि तिची पहिली खूण म्हणजे कामाची प्रत घसरणं. लॉरबॅनरी हे रेशमाचं बेट, तिथली रंगारीण आपली कला विसरलीये, आणि गावकरी एकमेकांवर खेकसत 'काही बदललेलं नाही' म्हणतात. हे प्रकरण एकटं वाचलं तरी चालतं. शेवटी जादूगार गेड जिथून जादू गळते ते भोक बुजवतो, पण त्यात त्याची सगळी विद्या खर्च होते. विद्या गेल्यावर माणूस काय करतो हे 'तेहानू'त (१९९०) आहे.

खबरदारी एवढीच, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) आधी वाचलेलं हवं, नाहीतर खऱ्या नावाचा पेच (तिथे खरं नाव कळलं की त्यावर ताबा येतो) कळत नाही.

शब्दवेल्हाळ
डेनेथॉरपासूनच सुरुवात केली तर?

जुनं_खोड
नको. आधी दया येऊ दे, मग निराशा. उलटं केलंत तर तो नुसता वेडा म्हातारा वाटतो आणि गट त्याला हसतो. गोळ्याची माहिती तिसऱ्या भागाच्या ११व्या प्रकरणात आहे, ती पानं आधीच वाचून ठेवायला सांगा.

अवांतर: फ्रोडो दर वर्षी ६ ऑक्टोबर आणि १३ मार्चच्या सुमाराला आजारी पडतो, एक तारीख जखमेची आणि दुसरी विषारी दंशाची. पाचव्या बैठकीत हे विचारून बघा, निम्म्यांच्या नजरेतून निसटलेलं असतं.