मदत हवी आहे : टॅबवर सर्टिफिकेट आपोआप जात नाहीये (तातडीचं)

बुटीबोरीकर
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. कंपनीच्या टॅबवर वायफायचं सर्टिफिकेट (पासवर्डऐवजी लागणारं डिजिटल ओळखपत्र) आपोआप जायला हवं, ते जात नाहीये. प्रोफाइल सगळी बरोबर आहेत. सर्व्हर रीस्टार्ट करून झाला, टॅब रीसेट करून झाले. आधी व्यवस्थित चालत होतं. सोमवारी सकाळच्या पाळीला टॅब लाइनवर द्यायचे आहेत आणि साहेब सारखे विचारून राहिले. उपाय सांगा, थिअरी नको.

गोरेवाडा
‘पोटात दुखतं’ एवढ्यावर डॉक्टरही गोळी देत नाही भाऊ. एमडीएम (टॅब दुरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) कोणतं? टॅब अँड्रॉइड, आयपॅड की विंडोज? सर्टिफिकेट देणारा सर्व्हर, म्हणजे सीए, तुमचा स्वतःचा की क्लाउडवरचा? आणि ‘जात नाही’ म्हणजे काय? टॅबवर सर्टिफिकेटच नाही, की सर्टिफिकेट आहे पण वायफाय जोडत नाही? या दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत.

सदर_करसल्लागार
डिजिटल सर्टिफिकेट आता फक्त क्लास ३ घ्यावे. क्लास २ देणे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले आहे. टोकन यूएसबीचे असते, त्याचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो. टॅबवर नाद करू नका, निविदा भरायची तर लॅपटॉपच बरा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, पोर्टल स्लो होते.

गोरेवाडा
काका, ते सहीचं. यांना वायफायचं पाहिजे.

बुटीबोरीकर
मायक्रोसॉफ्टचं इन्ट्यून आहे. अँड्रॉइड, फुल्ली मॅनेज्ड (पूर्ण कंपनीच्या ताब्यात). जुने टॅब आजही चालून राहिले, फक्त नवीन लॉटवर येत नाही. पोर्टलवर रूट सर्टिफिकेटचं (सीएच्या स्वतःच्या) प्रोफाइल सक्सेस, एससीईपीचं (टॅबसाठी सर्टिफिकेट मागणारं) एरर, वायफायचं पेंडिंग. सीए आमचाच, विंडोज सर्व्हरवर. आणखी काय पाहिजे?

वऱ्हाडी_ठेचा
काहून एवढा पसारा करता राजेहो? वायफायला चांगला लांब पासवर्ड ठेवा, मॅक ॲड्रेसचं (उपकरणाच्या नेटवर्क क्रमांकाचं) फिल्टर लावा, विषय संपला. आमच्या हिंगण्याच्या युनिटमध्ये असंच आहे, कोणाची तक्रार नाही.

मिहानमधला
@वऱ्हाडी_ठेचा, अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक दाखवतो, आयफोनही आयओएस १४ पासून तेच करतो. तुमचं फिल्टर चालून राहिलं म्हणजे कोणीतरी एकेका फोनवर जाऊन ते बंद करून राहिलं. आणि तो पासवर्ड कंत्राटदाराच्या पोरांना माहीत नाही असं म्हणू नका, चहावाल्यालाही माहीत असेल.

वऱ्हाडी_ठेचा
चहावाल्याला आम्हीच दिला, त्याचा क्यूआर चालत नव्हता.

अजनी_यार्ड
मूळ प्रश्नाकडे येतो. हे हमखास मॅपिंगचं आहे, म्हणजे सर्टिफिकेट कोणाचं ते जुळवण्याचं. ११ फेब्रुवारी २०२५ च्या अपडेटपासून डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा विंडोज सर्व्हर) सर्टिफिकेटमध्ये युजरचा एसआयडी (खात्याचा ओळख क्रमांक) मागतो, नसेल तर लॉगिन नाकारतो. सप्टेंबर २०२५ पासून तर जुन्या पद्धतीवर परत जायची सोयही काढून टाकली. डोमेन कंट्रोलरच्या सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट ३९ शोधा. मग एससीईपी प्रोफाइलच्या सॅनमध्ये (पर्यायी नावांच्या रकान्यात) यूआरआय म्हणून ऑनप्रिमायसेस सिक्युरिटी आयडेंटिफायर टाका. आमच्याकडे सगळा मजला एका सकाळी ऑफलाइन झाला होता, तेव्हा हेच निघालं.

गोरेवाडा
तसं असतं तर सर्टिफिकेट टॅबवर आलं असतं आणि वायफायने नाकारलं असतं. यांच्याकडे एससीईपीलाच एरर आहे, म्हणजे सर्टिफिकेट जन्मालाच येत नाहीये. शिवाय जुने टॅब आजही जोडतात, म्हणजे मॅपिंग आधीच कोणीतरी नीट केलंय.

अजनी_यार्ड
मी अनुभवाने सांगितलं. तपासायला पैसे पडत नाहीत.

मिहानमधला
ग्रुप बघा आधी. रूट, एससीईपी आणि वायफाय ही तिन्ही प्रोफाइल एकाच ग्रुपला लावायची असतात. रूट डिव्हाइस ग्रुपला आणि एससीईपी युजर ग्रुपला असं केलं की इन्ट्यून एकमेकांची वाट बघत बसतं. आणि अँड्रॉइड ११ पासून वायफाय प्रोफाइलमध्ये रेडियस सर्व्हरचं, म्हणजे वायफायवर कोणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरचं, नाव टाकावंच लागतं. ‘व्हॅलिडेट करू नका’ (सर्व्हर खरा का ते तपासू नका) हा पर्याय गेला.

बुटीबोरीकर
तिन्ही एकाच डिव्हाइस ग्रुपला आहेत. नाव टाकलेलं आहे. मी आधीच लिहिलं, प्रोफाइल बरोबर आहेत.

पेंग्विनभाऊ
विंडोजचा सीए, त्यावर एनडीईएस (टॅबची मागणी सीएकडे नेणारी सर्व्हिस), त्यावर इन्ट्यूनशी जोडणारा कनेक्टर, त्यावर प्रॉक्सी. एवढ्या उतरंडीतलं एक मडकं फुटलं की सगळं खाली. फ्रीरेडियस लावा, सीए साधा लिनक्सवर ठेवा, स्क्रिप्टने सर्टिफिकेट काढा. लायसन्सचा खर्च शून्य.

मिहानमधला
आणि टॅबवर ते पोचवणार कोण, तुमची स्क्रिप्ट का तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन? अँड्रॉइडवर प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) उपकरणातच तयार व्हावी म्हणून तर एससीईपी आहे. स्क्रिप्टने पीएफएक्स (किल्लीसकट सर्टिफिकेटची फाइल) काढून मेलवर पाठवायची तर सर्टिफिकेट कशाला, पासवर्डच बरा. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचा क्लाउडवरचा सीए, क्लाउड पीकेआय घ्या, २०२४ पासून इन्ट्यूनमध्येच आहे. एनडीईएसची कटकटच नाही.

पेंग्विनभाऊ
फुकट का ते? दर युजरमागे महिन्याला पैसे. एमआयडीसीतल्या कंपनीचे अकाउंट्सवाले माउसच्या बिलावर सही करायला आठवडा लावतात.

काटोल_रोड
सगळ्यांनी एक लक्षात घ्या, १५ मार्च २०२६ पासून सर्टिफिकेट २०० दिवसांचीच, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ पासून ४७ दिवसांची होणार. हाताने काम करायचे दिवस गेले.

गोरेवाडा
ते ब्राउझर ज्यांच्यावर विश्वास ठेवतात त्या सार्वजनिक वेबसाइटच्या सर्टिफिकेटचं. यांचा सीए घरचा आहे, तो मुदत स्वतः ठरवतो. धागा भरकटवू नका.

@बुटीबोरीकर, एक काम करा. मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये तुमच्या एससीईपी प्रोफाइलमधला पत्ता उघडा, ज्याच्या शेवटी एमएससीईपी डॉट डीएलएल आहे तो. काय दिसतं?

बुटीबोरीकर
एरर येतो. सांगितलं ना, चालत नाहीये.

गोरेवाडा
आकडा सांगा. ४०३ आला तर ते बरोबर आहे. कनेक्टर बसवल्यावर तिथे ४०३ च दिसायला पाहिजे, लोक उगाच घाबरतात.

बुटीबोरीकर
५००.

गोरेवाडा
आता कुठे कामाचं बोललात. एनडीईएस सर्व्हर कधी उभा केला?

बुटीबोरीकर
मला काय माहीत? मी यायच्या आधी एका व्हेंडरने लावून दिला. त्यांचा माणूस आता फोन उचलत नाही.

गोरेवाडा
त्या सर्व्हरवर कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये पर्सनल उघडा. एनडीईएस बसवताना तिथे स्वतःसाठी दोन सर्टिफिकेट घेतो : एक सीईपी एन्क्रिप्शन, एक एक्स्चेंज एन्रोलमेंट एजंट. दोन्हीची मुदत दोन वर्षं आणि ती आपोआप नवी होत नाहीत. कोणाला मेल येत नाही, कुठे दिवा लागत नाही. मुदत संपली तरी सर्व्हिस चालू असेतोवर कधी कधी कळतही नाही, सर्व्हर रीस्टार्ट झाला की एनडीईएस उठत नाही आणि ५०० येतो. तुम्ही रीस्टार्ट केला म्हणालात ना.

अजनी_यार्ड
हे मलाही सांगायचं होतं.

बुटीबोरीकर
दोन्ही एक्स्पायर आहेत. मागच्या महिन्यात. आता राइट क्लिक करून रिन्यू मारू का?

गोरेवाडा
सीईपी एन्क्रिप्शन तिथूनच होईल. दुसरं होणार नाही, कारण ते युजर टेम्प्लेट (युजरसाठीचा साचा) आहे आणि तुम्हाला हवंय मशीनच्या स्टोअरमध्ये. त्यासाठी आयएनएफ फाइल (मागणीचा तपशील) लिहा, त्यात मशीन-की-सेट ट्रू करा आणि विंडोजच्या सर्टरेक कमांडने रिक्वेस्ट पाठवा. त्याआधी सीएवर दोन्ही टेम्प्लेट पब्लिश आहेत का बघा, बहुतेक कोणीतरी काढून टाकली असतील. प्रोव्हायडर (की सांभाळणारा भाग) जुना सीएसपीच ठेवा, नवा केएसपी दिलात तर एनडीईएस ती की वाचणार नाही. मग दोन्ही प्रायव्हेट कींवर एनडीईएसच्या सर्व्हिस अकाउंटला रीड द्या. हे हमखास राहतं आणि पुन्हा ५०० येतो. शेवटी आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) रीसेट.

वैनगंगा
तुमच्या कंपनीत आयटीला जागा आहे का? भाचा आहे, नेटवर्किंगचं सीसीएनए झालेला, बुटीबोरी चालेल.

पेंग्विनभाऊ
म्हणजे सर्टिफिकेट वाटणाऱ्याचंच सर्टिफिकेट संपलं आणि कोणाला पत्ता नाही. मी काय म्हणत होतो?

मिहानमधला
तुमच्या लिनक्सवरच्या सीएचं रूट कधी संपतं ते न बघता सांगा पाहू.

बुटीबोरीकर
४०३ आला. एका टॅबवर सिंक मारलं, सर्टिफिकेट आलं, वायफाय जोडलं. बाकीचे हळूहळू होऊन राहिले. रीडचं खरंच राहिलं होतं. जुन्या टॅबना काही करायचं का?

गोरेवाडा
इन्ट्यूनमध्ये नूतनीकरणाची मर्यादा साधारण २० टक्के असते. सर्टिफिकेट वर्षाचं असेल तर शेवटच्या ७३ दिवसांत टॅब स्वतः नवीन मागतो. गेल्या महिन्यात ज्यांची पाळी आली असेल ते अडकले असतील. एससीईपी प्रोफाइलचा रिपोर्ट काढा, एरर असलेल्यांना सिंक पाठवा. आणि सीएवरून ते एक्स्चेंज एन्रोलमेंट एजंटचं टेम्प्लेट परत अनपब्लिश करा. ते उघडं राहिलं आणि परवानग्या ढिल्या असल्या तर कोणीही दुसऱ्याच्या नावाने सर्टिफिकेट काढू शकतं.

बुटीबोरीकर
काढलं. रिपोर्टमध्ये पेंट शॉपचे सात टॅब लाल दिसून राहिले, ते आता रात्रपाळीला चार्जिंगवर असतात तेव्हा करतो. नवीन दोन्ही सर्टिफिकेटची तारीख साहेबांच्याच कॅलेंडरमध्ये टाकून दिली.